शंभर एकदम वाजीव

"म्याडम, आय गेली."

मागच्या श्रावणात बिराचा फोन आला तेव्हा मी एका पेन्शनर गृहस्थांच्या कानात मशीन बसवत होते. बिरा एवढंच बोलला आणि मला काही सुचायच्या आत त्यानं फोन ठेवला. समोरच्या गृहस्थांनी विचारलं, "जवळचं कुणी?" आता काय सांगणार? नात्याची नाही, गावाची नाही. जेमतेम एका हंगामाची ओळख. तरी माझ्या तोंडून "हो, जवळचं" असं निघून गेलं. त्यानंतर दिवसभर मी कुणावर ओरडले नाही, तेवढ्यावरूनच दवाखान्यातल्या लोकांनी ओळखलं की काहीतरी झालंय.

मी सांगलीत कान तपासते. डॉक्टर नाही, डॉक्टरांच्या हाताखालची. तीस वर्षं होत आली. जाड भिंतींची एक बारकी खोली आहे, आतून मऊ अस्तर लावलेली. दार लावलं की बाहेरचं जग बंद. त्यात माणसाला बसवायचं, कानाला हेडफोन लावायचे आणि काचेतून बघत एकेक बारीक शिट्टी सोडायची. ऐकू आली की त्यानं बटण दाबायचं. शेवटी कागदावर रेघ निघते. माणसं फसवतात. कुणी फायद्यासाठी बहिरं होतं, कुणी लग्न ठरेपर्यंत सगळं ऐकू येतं म्हणतं. कागद फसवत नाही, अशी माझी पक्की समजूत होती. ती समजूत बायडाक्कानं मोडली, आणि तीही पहिल्याच भेटीत.

तिला पाठवलं माझ्या दादानं. दादा मलकापुरात, म्हणजे कराडला लागून. थोडा ऊस आहे. दिवाळी झाली की आटपाडीकडचे मेंढपाळ मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरतात आणि ऊस तुटून गेलेल्या रानात मुक्काम टाकतात. त्या मुक्कामाला ते वाडा म्हणतात. मेंढरांना चारा मिळतो, शेताला खत मिळतं. बायडाक्काचा वाडा दरसाल दादाच्या रानात बसायचा. लग्न होऊन मी सांगलीत आले, त्यामुळं मी तिला कधी पाहिलं नव्हतं. दादाचा फोन आला, "अगं, बायडाक्काला ऐकू येईना झालंय. तुझ्याकडं धाडतोय. जरा नीट बोल तिच्याशी." शेवटचं वाक्य तो प्रत्येक पेशंटबरोबर जोडतो. माझा स्वभाव घरादाराला माहीत आहे.

ती आली मुलाबरोबर, म्हणजे बिराबरोबर. सत्तरीच्या पुढची, काटक, कपाळावर गोंदण, अंगाला लोकरीचा वास. बाहेर शंभरेक माणसं, कुणाचं मूल रडतंय, कुणाचा नंबर पुकारला जातोय, सगळे ओरडून बोलतायत. ही मात्र आवाज न चढवता, उलट खाली आणून बोलत होती. बिरानं माझ्याशी मोठ्यानं सुरुवात केली तर तिनं त्याच्या दंडाला चिमटा काढला. "गलक्यात गलका घालू नगं." हे तिचं नेहमीचं वाक्य. नंतर दादाकडं गेले की वाड्यावर मी ते तिच्या तोंडून कितीदा ऐकलं. मेंढरं बिथरली, सुना भांडल्या, रस्त्यावर ट्रकवाला शिव्या देऊ लागला, तरी तिचं आपलं तेच, आणि तेही हळू.

खोलीत बसवून मी दार लावलं तशी ती ताडकन उठली. काचेवर हात मारायला लागली. मी दार उघडलं.

"बाई, हितं काईच न्हाई गं! जीव घाबरला माजा. मानसानं बसावं कसं?"

"दहा मिनिटांचं काम आहे, आक्का. बसा."

बसली बिचारी. डोळे मिटून घेतले आणि प्रत्येक शिट्टीला बटण दाबत गेली. कागद निघाला. वयाच्या मानानं उत्तम. वरच्या पट्टीत थोडं कमी, ते तर माझंही आहे. मी बाहेर येऊन बिराला सांगितलं, "आईचे कान छान आहेत. काही करायची गरज नाही." आणि पुढचा नंबर पुकारला.

बायडाक्का हलली नाही.

"बाई, तू येक येक वाजवतीस. येक येक तर मला बी येतंय. तू शंभर एकदम वाजीव, आन मंग इचार त्यातलं माजं कंचं."

खरं सांगते, आधी मला राग आला. गर्दी होती, जेवायची वेळ टळून गेली होती. "आक्का, इथं शंभर वाजवायची सोय नाही," मी म्हणाले.

"मंग ही तपासनी कसली?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. तीस वर्षं मी माणसांना सगळ्या जगापासून तोडून, एका गप्प खोलीत नेऊन विचारत होते की ऐकू येतं का. जगात कोण असं ऐकतं? मी नंबरवाल्याला थांबवलं आणि बिराला म्हणाले, "काय झालंय ते नीट सांग."

झालं होतं ते असं. दिवसा मेंढ्या चरायला जातात तेव्हा बारकी कोकरं वाड्यावर जाळीत ठेवतात. संध्याकाळी मेंढ्या परतल्या की जाळी उचलायची. एकीकडून आया ओरडतात, दुसरीकडून पोरं. मोठी कोकरं आपली आपण जातात. पण नुकती जन्मलेली, जुळी, अशक्त असलेली चेंगरतात, नाहीतर भलत्याच मेंढीला लागतात. ती त्यांना ढुशी मारते. त्यांना ज्याच्या त्याच्या आईला नेऊन लावायचं काम वाड्यावरच्या एखाद्या जाणत्या बाईचं. बायडाक्का सासू वारल्यापासून ते काम करत आलेली. रंग नाही, खूण नाही, नुसत्या आवाजावर. "ह्यो नाकात वरडतोय. ही मदीच दम घेतीया. ती हाक मारतीया, आन ही नुस्ती रडतीया," असं ती मला नंतर सांगायची आणि मला सगळं एकच ‘बें बें’ ऐकू यायचं.

त्या वर्षी तिचं चुकलं. पहिल्यांदाच व्यालेल्या एका मेंढीला तिनं दुसऱ्याच मेंढीचं कोकरू लावलं. मेंढीनं लाथ झाडली. पहिलटकरीण घेत नाही असं कधीकधी होतं, म्हणून बायडाक्कानं तिचा पाय धरून ठेवला आणि कोकराला पाजलं. तिला कोण अडवणार? तिचं कधी चुकतच नव्हतं. त्या मेंढीचं खरं कोकरू उपाशी राहिलं आणि सकाळी मरून पडलं. चार दिवसांत अशी तीन गेली. चौथ्या दिवशी बिरानं निळ्या आणि तांबड्या रंगाचे डबे आणले आणि आई-पोरांच्या प्रत्येक जोडीवर वेगळी खूण केली. आणि आईला सांगितलं की पुढच्या दिवाळीला तू वाड्याबरोबर येऊ नको. आटपाडीला घरी राहा.

"समदी एकाच तोंडानं वरडाय लागल्यात बाई," बायडाक्का म्हणाली. "आन घरी ऱ्हाऊन म्या काय ऐकू? पत्रा वाजल्याला?"

तेव्हा तिचे डोळे भरले. आवाज मात्र तसाच, हळू.

मी डॉक्टरांशी बोलले. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, पण वाचणं वेगळं. कान हा हमाल आहे. असेल ते पोतं आणून मेंदूपुढं ओततो. खडे, कचरा, दाणे, सगळं एकत्र. निवडायचं काम मेंदूचं. लग्नाच्या मांडवात बँड वाजत असताना आपण शेजारणीशी गप्पा मारतो आणि तिकडच्या कोपऱ्यात कुणी आपलं नाव घेतलं की मान वळते, ती त्याच्यामुळं. म्हातारपणी कधीकधी कान शाबूत राहतात आणि हे निवडणंच मंदावतं. माझ्या गप्प खोलीत ते दिसत नाही, कारण तिथं निवडायला काही नसतंच.

पूर्वी तिचं निवडणं काय होतं, हे दादानं सांगितलं. एकदा ती आमच्या ओसरीवर चहा प्यायला बसली होती. आत टीव्हीवर बातम्या, मागं पाण्याची मोटर, समोर हायवे. त्या हायवेचा आवाज असा की आमची वहिनी भाजीवाल्याशीसुद्धा खुणांनी बोलते. बायडाक्का वहिनीशी लुगड्यांच्या भावावर हुज्जत घालत होती. मध्येच कप खाली ठेवून म्हणाली, "पांढऱ्या कानाचं कुटं तरी आडाकलंय." सगळे हसले. ती उठून चालू लागली ती थेट कालव्याच्या कडेला. तिथं एक कोकरू तारेच्या कुंपणात मान अडकून लटकलेलं. दादा म्हणतो, "अगं, आम्हांला हायवेच ऐकू येत होता, आणि ती परत येऊन विचारते, लुगड्याचं काय म्हनत व्हतीस?"

डॉक्टर म्हणाले, वरच्या पट्टीतलं जरा उचललं तर मेंदूला निवडायला सोपं जाईल. दवाखान्यात काही मशीनं घरी वापरून बघायला देण्यासाठी ठेवलेली असतात. मी तिला दोन्ही कानांना बसवून दिली, आवाज बेताचा ठेवला, विचारलं, "कसं वाटतंय?" म्हणाली, "ब्येस." मी खूश. दिवसभर घाला म्हणून सांगितलं आणि पाठवून दिलं.

तासाभरात बिरा धावत परत आला. मी तशीच एसटी स्टँडवर गेले. बायडाक्का एका खांबाला टेकून जमिनीवर बसली होती, दोन्ही हात कानांवर, पुढ्यात उलटी. गाड्यांचे हॉर्न, कंडक्टरच्या हाळ्या, चपला, पिशव्यांचं प्लास्टिक, भेळवाल्याचं उलथनं, स्पीकरवरची गाडीची सूचना, सगळं सारख्याच जोरानं तिच्या डोक्यात शिरलं होतं.

"समदं आत आलं गं बाई. येक बी भाईर ऱ्हाईना."

मी मशीनं काढली आणि बिरावर ओरडले की आईला स्टँडवर कशाला आणलंस. आता ती स्टँडवर येणार नाही तर कराडला काय उडत जाणार? चूक माझी होती. मशीन आवाज वाढवतं, निवडत नाही. निवडायची सवय मेंदूला परत लावावी लागते, आधी शांत घरात, मग थोड्या आवाजात, मग गर्दीत. हे मी तिला सांगायला हवं होतं. कागदावर सगळं चांगलं दिसत होतं आणि मला घाई होती. त्या दिवशी स्टँडच्या टपरीवर चहा घेताना मी तिची माफी मागितली. आयुष्यात फार लोकांची मागितलेली नाही.

तिनं माफीकडं लक्षच दिलं नाही. तिचं डोकं दुसरीकडंच होतं. "म्हंजे त्येला वळन लावाय पायजे," ती म्हणाली. "इकत आनल्यालं मेंढरू बी नव्या वाड्यात आसंच करतंय. चार दिस बांदून घ्यावं लागतंय."

आणि तिनं घेतलं बांधून. पहिले आठ दिवस ती वाड्यापासून लांब, बांधाच्या पलीकडं जाऊन बसली, कानाला मशीनं लावून, एक कोकरू आणि एक मेंढी घेऊन. दोघांना वेगळं करायचं, ओरडू द्यायचं, डोळे मिटून ऐकायचं. मग दोन जोड्या. मग चार. सून सारिका आधी चिडली. कामाच्या वेळी म्हातारीचा हा काय खेळ? पण हळूहळू तीच पुढं होऊन कोकरं बदलून आणायला लागली आणि विचारायला लागली, "आत्या, आता कंचं?" बिरा मला फोन करायचा. "म्याडम, आय म्हनती सा झाली." मग "नऊ". मग "तेरा". आमच्या धंद्यात हेच शिकवायला कॉम्प्युटरवर धडे असतात. मी तिचा हिशोब कागदावर मांडून डॉक्टरांना दाखवला. ते म्हणाले, "हिला सांगा, आमच्याकडं शिकवायला या."

पण तेरानंतर फोन तेच सांगत राहिला. "आज बी तेराच." पुन्हा पंधरा दिवसांनी, "तेराच, म्याडम." शेवटी बिरा फोनवर म्हणाला, "आमी आता गावाकडं वळनार. जाळीत पन्नास हायती. त्या तेराचं काय करू म्या?" त्याच्या बोलण्यात चीड नव्हती. तोही दुखावलेला होता. मरणारी कोकरं त्याची होती आणि आईही त्याची होती.

वाडा परत फिरायच्या आदल्या संध्याकाळी बायडाक्कानंच मला बोलावलं. दादाच्या रानातच होते ते. "बाई, तू ये. तुज्या म्होरं व्हऊ दे. मंग काय ठरवायचं त्ये ठरवू द्या त्येला." मी गेले. ती आमची शेवटची भेट. त्यानंतर आला तो श्रावणातला फोनच.

ऊन कलायला लागलं होतं. मेंढ्या बांधावरून येताना दिसल्या तशी जाळीतली कोकरं उठली आणि जो कल्लोळ सुरू झाला, काय सांगू! शेजारी हायवे, त्यात उसाचा एक ट्रॅक्टर गाणी लावून चाललेला. माझ्या कानांचे पडदे फाटतील असं झालं. बायडाक्का मध्ये उभी राहिली, कानाला मशीनं, डोळे मिटलेले. सारिकानं जाळी उचलली.

ती एकेक कोकरू उचलत गेली. "ही त्या लाल्या कानाचीला. हे जुळं तिकडं. ह्येला थांबीव, ह्येची आय आजून मागं हाय." बिरा प्रत्येक जोडीवरचा रंग बघत होता आणि माझ्याकडं बघून मान हलवत होता. बरोबर. बरोबर. मी बोटांवर मोजत होते. माझ्या स्वतःच्या परीक्षेला मी एवढी घाबरले नव्हते. तेरा झाली. चौदावं कोकरू तिनं उचललं, उभी राहिली, इकडं वळली, तिकडं वळली. एका मेंढीपाशी नेलं. मेंढीनं ढुशी मारली. बायडाक्कानं तिचा पाय धरला नाही. कोकरू खाली ठेवलं, मशीनं काढून कमरेच्या पिशवीत घातली आणि बाजूला रचलेल्या वळकट्यांवर जाऊन बसली, आमच्याकडं पाठ करून.

बिरानं सारिकाला खूण केली आणि दोघांनी रंग बघून बाकीची भराभर लावायला घेतली. निळा ठिपका निळ्या ठिपक्याला, तांबडी रेघ तांबड्या रेघेला. मी दादाच्या बाजूला उभी होते. तिच्याजवळ जायचं मला धाडस होईना. जाऊन काय सांगणार होते? वयाच्या मानानं उत्तम?

एकेक कोकरू लुचायला लागलं तसा कल्लोळ ओसरत गेला. ट्रॅक्टर लांब निघून गेला होता. शेवटी दोन कोकरं उरली, कालपरवाची, आयांनी चाटून चाटून रंग घालवलेली. सारिकानं एकाला तीन मेंढ्यांना लावून बघितलं. तिन्ही सरकल्या. दुसरं तर उभंही राहीना, नुसतं मान टाकून बारीक ओरडत होतं. बिरा म्हणाला, "ऱ्हाऊ दे. बाटलीनं पाजू आन सकाळी बगू."

"सकाळी काय बगतूस?" वळकटीवरून आवाज आला. बायडाक्कानं मागं वळूनही पाहिलं नव्हतं. "त्ये नाकात वरडतंय न्हवं, त्येची आय हितं न्हाईच. टाकीच्या मागं हाय. मगाधरनं हाक मारतीया ती."

बिरा पाण्याच्या टाकीमागं गेला. तिथं एक मेंढी दोरीत पाय गुंतून उभी होती. त्यानं तिला सोडवून आणली. ती सरळ त्या मान टाकलेल्या कोकरापाशी गेली आणि त्याला हुंगून चाटायला लागली. बायडाक्का उठली, तिनं कोकराला उचलून कासेला लावलं. त्याची शेपटी हलायला लागली. दुसऱ्याची आई कुठली तेही तिनं तिथूनच, नुसत्या हनुवटीनं दाखवलं. तीही बरोबर निघाली.

बिरानं सोडवलेली दोरी गुंडाळून ठेवली. मग म्हणाला, "आये, दिवाळीला चल वाड्यासंगं. म्होरली सारिका बगंल. मागं ऱ्हायली ती तुजी."

मला वाटलं, ही आता दुखावणार. एवढी वर्षं अख्खी जाळी जिनं सांभाळली तिला उरलीसुरली देतोय हा. काहीतरी समजुतीचं बोलावं म्हणून मी पुढं झाले. पण ती माझ्याकडं बघतच नव्हती. कोकराच्या पोटावरून हात फिरवून ते भरलंय का बघत होती.

"व्हय," ती म्हणाली. "मागं ऱ्हायल्यालंच मरतंय रं. त्येच बगाय पायजे."